रणांगणावरच्या जखमींची नोंद फोनवर घ्यायची तर कागदी कार्ड काढून टाकायचं का?

अर्धविराम

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी सॉफ्टवेअरवाला. बरीच वर्षं रुग्णालयांसाठी प्रणाली लिहितोय. केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे निकाल, बिलं. आता आमच्या चौघांच्या टीमकडे वेगळंच काम आलंय: लढाईत जखमी झालेल्या सैनिकावर जागेवर काय उपचार झाले त्याची नोंद मेडिकने (तुकडीबरोबरच्या प्रथमोपचार करणाऱ्या सैनिकाने) फोनवर घ्यायची आणि ती नोंद जखमीच्या बरोबरीने शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचली पाहिजे. सध्या फक्त नमुना करून दाखवायचाय.

मी आपला नेहमीच्या सवयीने कागद शोधायला गेलो. अमेरिकन सैन्याचं डीडी १३८० नावाचं कार्ड मिळालं. पाठपोट छापलेलं, तळहाताएवढं. पुढच्या बाजूला माणसाची आकृती, कोणत्या अवयवाला टूर्निके (रक्त थांबवायला करकचून आवळायचा पट्टा) बांधलं आणि किती वाजता, नाडी, रक्तदाब, शुद्ध. मागच्या बाजूला दिलेली औषधं, सलाइन, रक्त. म्हटलं, सोपं आहे! रकान्यांचे गट पाडले, अकरा स्क्रीन केले, रंगसंगती झकास जमवली.

परवा एका माजी मेडिकला दाखवलं. तो काही बोलला नाही. खिशातून रबरी हातमोजे काढून घातले, मला शांपू मागितला, दोन्ही तळव्यांवर चोळला आणि म्हणाला, "दे आता फोन." फोन पहिल्याच स्क्रीनवर हातातून सटकला आणि टेबलाखाली गेला. दुसऱ्यांदा धरला तर स्क्रीनला बोट लागायचं एकीकडे आणि उमटायचं भलतीकडे. "रक्त असंच असतं," म्हणाला. "आणि ते वाळतं तेव्हा याच्याही वरताण."

तेव्हापासून अकरा स्क्रीनकडे बघवत नाहीये. कमीत कमी काय विचारायचं? कागद काढून टाकायचा की ठेवायचा? बोलून नोंद घेण्याची सोय करू का? कोणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर कृपया लिहा. "एआय वापरा" हे उत्तर मला आधीच मिळालेलं आहे.

भूलथापा

त्या मेडिकला माझा नमस्कार सांग. शांपू मला सुचायला हवा होता.

मी सैन्यातून निवृत्त झालेली भूलतज्ज्ञ. (टोपणनावाचा खुलासा झालाच.) तुझ्या साखळीच्या दुसऱ्या कडीला, फील्ड हॉस्पिटलच्या तंबूत, मी उभी असायचे. जखमी माझ्यासमोर यायचा तोवर कोणीतरी त्याच्यावर काहीतरी केलेलं असायचं. माझा पहिला प्रश्न ठरलेला: काय दिलंय आणि किती वाजता? नाव, पलटण, हुद्दा हे सगळं नंतर.

एक प्रसंग सांगते. संध्याकाळी सव्वासातला एकाच हेलिकॉप्टरमधून दोन स्ट्रेचर आली. पहिल्याच्या डाव्या मांडीला टूर्निके. कार्ड नाही. गळ्यात अडकवलेलं असेल तर पंख्याच्या वाऱ्याने उडालं असेल, देव जाणे. उजव्या मांडीवर मात्र पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर काळ्या मार्करने इंग्रजी टी काढून पुढे चार आकडे लिहिलेले. शेवटचे दोन स्पष्ट: चाळीस. पहिला एक. दुसऱ्यावरून कोणाचा तरी हात फिरलेला. एक होता की सात?

म्हणजे टूर्निके बांधलं अकरा चाळीसला, की सतरा चाळीसला? तुला वाटेल, एका आकड्याने काय बिघडतं. सतरा चाळीस असेल तर जेमतेम दीड तास झालाय, पाय वाचवायची शर्यत अजून आपल्या हातात आहे. अकरा चाळीस असेल तर साडेसात तास उलटलेत. सहा तासांपुढे टूर्निके सहजासहजी सोडत नाहीत, कारण खालचे स्नायू मेलेले असतात, त्यांच्यात साचलेलं पोटॅशियम आणि आम्ल एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबू शकतं. ते थांबलं तर सर्जन माझ्याकडे बघणार. शिवाय रक्तस्राव रोखायला आपण ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देतो ते तीन तासांच्या आत. त्यानंतर दिलं तर फायदा राहतो बाजूला, अपायच होऊ शकतो. २०१० मध्ये या औषधाच्या क्रॅश-२ नावाच्या चाचणीचे निकाल आले, वीस हजारांवर रुग्ण होते, आणि पुढच्याच वर्षी त्याच आकड्यांतून ही वेळेची गोष्ट पुढे आली. म्हणजे त्या पुसलेल्या एका आकड्यावर माझे दोन निर्णय अडलेले.

सुटलं कसं सांगू? शेजारच्या स्ट्रेचरवरचा शुद्धीत होता. त्याला विचारलं, "हे कधी झालं?" तो म्हणाला, "जेवून निघालो, त्यानंतर बऱ्याच वेळाने." मी सतरा चाळीस धरलं. सगळ्यात महत्त्वाची नोंद मला एका जखमीच्या जेवणाच्या वेळेवरून मिळाली!

म्हणून सांगते, ॲपमध्ये एकच बटण ठेवायची वेळ आली तर "आत्ता" हे बटण ठेव. टूर्निकेचं चित्र, त्याच्यावर अंगठा, झालं. वेळ फोनने स्वतः लावायची. कागदापेक्षा यंत्र निर्विवाद सरस कुठे असेल तर इथे. बाकी सगळ्यात कागद त्याला टक्कर देतो.

मात्र एक मेख आहे. मेडिक नोंद करतो तो हात मोकळा झाल्यावर. म्हणजे पंधरा मिनिटांनी, कधी तासाने. म्हणून "आत्ता"च्या शेजारी "मघाशी" पण हवं, आणि कृती केल्याची वेळ वेगळी व नोंद केल्याची वेळ वेगळी, अशा दोन्ही साठव. माझ्यासमोर आणताना मला स्पष्ट दिसू दे की ही वेळ मोजलेली आहे की आठवलेली. आठवलेल्या वेळा बहुतेक दहा किंवा पंधराच्या पटीत येतात, पुढेमागे तुला तुझ्याच आकड्यांत दिसेल.

दुसरी गोष्ट वेदनाशामकाची. दुसऱ्या महायुद्धात मॉर्फिनच्या छोट्या ट्यूबसारख्या सिरेट असायच्या. मेडिक ती टोचायचा आणि रिकामी सिरेट जखमीच्या कॉलरला अडकवून ठेवायचा. मागच्या माणसाने कॉलर बघायची आणि मोजायचं. न वाचता कळणारी, पावसात न पुसणारी, जखमीच्या अंगावरून न हलणारी नोंद! आजवर निघालेल्या एकाही ॲपने त्या कॉलरची बरोबरी केली असं मला वाटत नाही.

ती मोजणी का लागायची, तर थंड पडलेल्या, रक्त गेलेल्या माणसाच्या स्नायूत मॉर्फिन टोचलं तर ते तिथेच पडून राहतं. दुखणं थांबत नाही म्हणून पुढचा माणूस आणखी टोचतो. मग आम्ही त्याला ऊब देतो, रक्त देतो, रक्ताभिसरण सुधारतं आणि दोन्ही मात्रा एकदम मेंदूला पोचतात. श्वास मंदावत जातो. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. नळी घालून निभावलं, पण त्या जखमीला दुसरी मात्रा देणाऱ्याची काही चूक नव्हती. पहिलीची नोंदच त्याच्यापर्यंत आली नव्हती.

बोलून नोंद घेण्याबद्दल: हेलिकॉप्टरमध्ये स्टेथोस्कोपसुद्धा निकामी ठरतो, मग तुझा मायक्रोफोन काय ऐकणार? जमिनीवर ठीक, पण गोळीबारात माणूस जे शब्द उच्चारतो ते तुझ्या यंत्राच्या शब्दकोशात नसतील.

अर्धविराम

भूलथापाताई, दंडवत. हे वाचून आमची अख्खी टीम गप्प झाली, मग एकीने फळ्यावर मोठ्या अक्षरात "कॉलर" लिहून ठेवलं.

एक शंका. आमच्या पहिल्या स्क्रीनवर नाव, क्रमांक, रक्तगट आहे. कार्डवरही नाव आणि क्रमांक सगळ्यात वर आहेत. तो क्रम सोडून द्यायचा का? आणि फोन असताना कागद कशाला, हे आमच्या साहेबांना पटवायचं कसं?

भूलथापा

कार्डवर नाव वर असलं तरी मेडिक काही वरून खाली लिहीत नाही. त्याचे हात ज्या क्रमाने चालतात तो क्रम धर. आधी जोरात वाहणारं रक्त, मग श्वासमार्ग, मग छाती, मग रक्ताभिसरण, मग थंडीपासून बचाव आणि डोक्याची जखम. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला मार्च म्हणतात. कागदाचा मोठेपणा हा की तो कुठूनही भरायला घेतला तरी तक्रार करत नाही. तुझं ॲप "पुढे" दाबायला लावतंय ना? ते आधी काढ.

कागद कशाला? साहेबांना एवढंच विचार: हेलिकॉप्टर उडतं तेव्हा फोन कुठे असतो? मेडिकच्या खिशात. आणि मेडिक कुठे असतो? जमिनीवर, पुढच्या जखमीपाशी. जखमी गेला आणि त्याची नोंद मागे राहिली! नोंद नेटवर्कवरून येईल म्हणतील, तर नेटवर्कवर बोलणारं दुसरं कोणी इथे असेल तर त्याला बोलू दे, मला त्यातलं कळत नाही. मला एवढं कळतं की नोंद अंगाला बांधलेली हवी. मनगटाच्या पट्टीत छोटी चिप घाला, फोन टेकवला की लिहिलं जाईल असं काही करा. अमेरिकनांनी ओळखपट्टीसारखी मेमरी चिप सैनिकाजवळ देण्याचा प्रयोग मागे करून पाहिला होता. पण चिप वाचायला वाचक लागतो आणि मार्करने लिहिलेली पट्टी वाचायला डोळे पुरतात. (सातचा आकडा सोडून.) दोन्ही ठेवा.

खरखर

ताईंनी नेटवर्कवाल्याला हाक मारली म्हणून आलो. बिनतारी संदेशवहनात आयुष्य गेलं. वैद्यकीय ज्ञान शून्य, तेव्हा तेवढंच बोलतो.

अर्धविराम, तुमच्या नमुन्यात ब्लूटूथ चालू असणार, वायफायही चालू असणार, आणि नेट नसेल तर ॲप दर काही सेकंदांनी सर्व्हरला "आहेस का?" विचारत असणार. बरोबर ना? आघाडीवर ही प्रत्येक हाक म्हणजे अंधारात ओढलेली काडी. फोन काय बोलतोय हे शत्रूला समजायची गरजच नाही, कुठून बोलतोय एवढं कळलं की पुरे. १ जानेवारी २०२३ ला युक्रेनमधल्या, पण रशियाच्या ताब्यातल्या माकिइव्हकामध्ये रशियन सैनिकांच्या मुक्कामावर युक्रेनचा मारा झाला, तेव्हा खुद्द रशियाच्या संरक्षण खात्याने सैनिकांच्या मोबाइल वापराला दोष दिला होता. (वरिष्ठांनी आपली चूक झाकायला तसं म्हटलं, असंही बोललं गेलं. तो वेगळा विषय.) २०१८ च्या जानेवारीत तर पळणाऱ्यांच्या व्यायामाच्या ॲपने छापलेल्या नकाशावर लष्करी तळांच्या वाटा उजळलेल्या लोकांनी शोधून काढल्या. कोणी हेरगिरी केली नव्हती, सैनिक नुसते धावले होते.

म्हणून ॲप मुळात मुकं हवं. बोलायचं ते सांगितल्यावरच, आणि शक्यतो चार-पाच सेंटिमीटरच्या अंतरात. ताई म्हणतात तशी टेकवायची चिप मला म्हणूनच पटते.

रेडिओवरून पाठवायचंच असेल तर आकारमानाचं भान ठेवा. सेकंदाला ९६०० बिट देणारा दुवा धरू. जखमेचा दोन मेगाबाइटचा फोटो त्यावरून जायला जवळजवळ अठ्ठावीस मिनिटं, आणि तेही मध्ये एकदाही दुवा न तुटता. हे मी कागदावर मांडलेलं गणित, प्रत्यक्षात तुटतोच. उलट कशामुळे जखमी, कुठे जखम, लक्षणं काय, उपचार काय, एवढं दोनशे बाइटमध्ये बसवलंत तर सेकंदाच्या सहाव्या भागात गेलं. तुम्ही लोक ज्या कंसांच्या आणि अवतरणचिन्हांच्या माळा लावून माहिती पाठवता ना, त्यात दोनशे बाइट नुसत्या रकान्यांच्या नावांतच संपतात. संकेतांक ठरवा.

आणि घड्याळ! "आत्ता" बटणाचा सगळा डोलारा फोनच्या घड्याळावर आहे. उपग्रहाचा संकेत दाबून टाकलेला असतो, मोबाइल नेटवर्क नसतं, मग दोन फोनची घड्याळं आपापल्या मर्जीने सरकतात. दोन फोन एकमेकांना टेकले की आधी घड्याळातला फरक नोंदवून घ्या, मग माहिती. वेळ साठवताना कायम जागतिक प्रमाणवेळ, स्थानिक वेळ फक्त दाखवायला. अफगाणिस्तानची वेळ प्रमाणवेळेच्या साडेचार तास पुढे. दुपारी १४:१० ला तिथे काही घडलं तर ते ०९:४०, आणि जखमी जर्मनीतल्या लांडश्टूलच्या लष्करी रुग्णालयात पोचला तर उन्हाळ्यात तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात तीच घटना ११:४० ची. एकाच माणसाच्या कागदांवर तीन वेळा आणि तिन्ही खऱ्या. तो अर्धा तास फार छळतो, कारण आकडेमोड करणारा पूर्ण तासांच्या हिशेबात असतो.

सरासरी

धागा भलताच रंगलाय. मी साथरोग आणि अपघातांच्या आकड्यांवर काम करते, रणांगण फक्त शोधनिबंधांतून माहीत. तरी माझी बाजू मांडते, कारण आतापर्यंत सगळे त्या एका जखमीबद्दल बोलताहेत. त्याच्यानंतर येणाऱ्यांसाठीही ही नोंद असते.

अमेरिकनांना हे १९९१ च्या आखाती युद्धानंतर चांगलंच जाणवलं. परतलेले हजारो सैनिक आजारी पडले आणि कोणाला कोणती लस दिली, कोण कुठे कशाच्या संपर्कात आलं, याचे धड कागद सापडेनात. १९९७ मध्ये तिथे कायदाच झाला की मोहिमेवर जाणाऱ्यांचा वैद्यकीय माग ठेवणारी यंत्रणा हवी. त्यातून पुढे इराकमध्ये संगणक गेले, हातात धरायची छोटी यंत्रं गेली, विंडोजवर चालणारी. तंबूतल्या टेबलावर संगणक रुळला. जखमी जिथे पडतो तिथे मात्र कागद आणि मार्करच टिकून राहिले. नंतर त्यांच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने अँड्रॉइड फोनवर बॅटडॉक नावाचं नोंदीचं ॲप आणलं, ते मेडिकना सोबत घेऊन, म्हणून त्याचं नाव निदान घेतलं जातं.

नोंदींमधून काय मिळतं याची दोन उदाहरणं देते, दोन्ही बगदादची. २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. प्रचंड रक्त द्यावं लागलेले २४६ जखमी. तांबड्या पेशींच्या मानाने प्लाझ्मा फार कमी मिळालेल्या गटात ६५ टक्के दगावले, मधल्या गटात ३४, जवळपास बरोबरीने मिळालेल्या गटात १९. (जे लवकर गेले त्यांना प्लाझ्मा मिळायला वेळच नव्हता, हा आक्षेप त्यावर आहे आणि तो रास्त आहे. त्या आक्षेपाचा निकाल लावायलाही पिशवी कधी लावली ती वेळच लागते, बघा.) दुसरं, २००६ मधले टूर्निकेचे जखमी. २३२ माणसं, ३०९ हातपाय, ४२८ टूर्निके. शॉकमध्ये (रक्त गेल्याने रक्ताभिसरण कोसळण्याच्या अवस्थेत) जाण्याआधी बांधलेल्यांत ९० टक्के जगले, गेल्यानंतर बांधलेल्यांत १०. टूर्निके म्हणजे हातपाय गमावणं, ही जुनी भीती घालवण्यात या आकड्यांचा मोठा वाटा.

हे दोन्ही अभ्यास रुग्णालयात पोचलेल्यांचे आहेत, हे लक्षात घ्या. २००१ ते २०११ मधल्या अमेरिकन सैन्याच्या ४५९६ मृत्यूंची छाननी झाली तेव्हा दिसलं की ८७ टक्क्यांच्या वर मृत्यू शस्त्रक्रियेच्या सोयीपर्यंत पोचायच्या आधीच झालेले. त्यांतले जवळपास चौथा भाग वाचू शकले असते आणि अशा वाचू शकणाऱ्यांत दहातले नऊ रक्तस्रावाने गेले. म्हणजे सगळ्यात जास्त माणसं जिथे जातात तिथलीच नोंद सगळ्यात विरळ.

अपवाद अमेरिकन सैन्याच्या ७५व्या रेंजर रेजिमेंटचा. त्यांनी स्वतःचं अगदी सुटसुटीत कार्ड केलं, मेडिकबरोबर प्रत्येक सैनिकाला प्रथमोपचार शिकवले, आणि परतल्यावर त्या कार्डावरून सविस्तर नोंद ठेवली. ही जबाबदारी डॉक्टरांची नाही, तुकडीच्या प्रमुखाची धरली. म्हणूनच त्यांना २००१ ते २०१० मधल्या आपल्या ४१९ जखमींबद्दल ठामपणे बोलता आलं. अर्धविराम, तुझ्या साहेबांना हे सांग. कार्ड कागदाचंच होतं.

माझी मागणी एकच. रिकामा रकाना मला देऊ नकोस. "केलं नाही", "केलं की नाही माहीत नाही" आणि "विचारलंच नाही" या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर तिन्ही कोऱ्याच दिसतात. मी वर्षानुवर्षं कोऱ्या चौकटींकडे बघून अंदाज बांधत आलेय.

भूलथापा

सरासरी, मान्य. पण त्यासाठी माझ्या मेडिककडून तीन बटणं दाबून घेऊ नकोस हं. न दाबलेलं म्हणजे "विचारलं नाही" धरा, बाकीचं तंबूत आम्ही भरू. आमचे हात धुतलेले असतात.

सक्तीच्या रकान्यांवरून आठवलं. आम्हाला एकदा एक प्रणाली दिली होती. कोणी केलेली ते सांगत नाही, चांगली माणसं होती, पण तंबूत कधी आली नव्हती. जन्मतारीख टाकल्याशिवाय ती नोंद जतनच करायची नाही. बेशुद्ध माणसाची जन्मतारीख कोण सांगणार? लेखनिकाने तोडगा काढला: सगळ्यांची १ जानेवारी. आडनाव "अज्ञात", नाव "पुरुष". एका रात्री असे दोन आले. प्रणालीला वाटलं एकच माणूस दोनदा भरला गेलाय, आणि तिने मोठ्या कर्तव्यतत्परतेने दोघांची नोंद एक करून टाकली. एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर!

पकडलं गेलं ते पिशवी लावताना. मी आणि परिचारिका, एकीने पिशवीवरचं वाचायचं, दुसरीने मनगटावरच्या पट्टीवरचं, मोठ्याने. तो वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आकडा जुळेना. दोघींनी पुन्हा वाचलं, पुन्हा जुळेना. तोवर ओ निगेटिव्हवर भागवलं आणि दुसऱ्या दिवशी मी त्या लेखनिकावर नाही, जन्मतारखेच्या रकान्यावर तक्रार लिहिली.

तेव्हा अर्धविराम, आधीच छापून ठेवलेले क्रमांकाचे पट्टे दे, कोणतेही दोन सारखे न दिसणारे. पट्टा अंगावर गेला की माणूस नोंदला गेला. नाव मागाहून जोडायचं. आणि दोन नोंदी एक करायचा हक्क यंत्राला देऊ नको.

शत्रूकडचे जखमीही येतात, हे तुझ्या आराखड्यात आहे का? १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या सोळाव्या कलमाप्रमाणे त्यांचीही ओळख लवकरात लवकर नोंदवून कळवायची असते. तुझ्या "पलटण" रकान्याच्या यादीत त्यांची पलटण नसणार.

अर्धविराम

नव्हतं. केलं. यादी काढून मोकळी ओळ दिली.

अकराचे तीन स्क्रीन झाले. पहिल्यावर माणसाची आकृती आणि चार मोठी बटणं, टूर्निके, वेदनाशामक, ट्रॅनेक्झॅमिक, रक्त. "पुढे" गेलं. ब्लूटूथ आणि वायफाय मुळातून बंद, पाठवायचं तर फोन पट्ट्याला टेकवायचा. आठवलेल्या वेळेपुढे आम्ही एक छोटंसं वळण काढलंय, मोजलेल्या वेळेपुढे काही नाही. खरखरदादा, संकेतांकांनी सगळं १८० बाइटमध्ये बसलं. सांगताना छाती फुगवून घेतोय.

काल त्या मेडिकला परत बोलावलं. हातमोजे, शांपू, शिवाय यावेळी खोलीतले दिवे घालवले. फोनला मनगटाची दोरी लावली होती, त्यामुळे पडला नाही. टूर्निकेची नोंद जमली. पण ओल्या बोटाने बटण दोनदा लागलं, चार सेकंदांच्या अंतराने. आता टीममध्ये वाद पेटलाय. मी म्हणतो दहा सेकंदांच्या आतलं दुसरं दाबणं आपोआप खोडायचं, नाहीतर तंबूत ताईंना दोन टूर्निके दिसतील आणि घोळ होईल. बाकीचे दोघं म्हणतात ठेवायचं. तिसरी अजून फळ्यावरच्या कॉलरकडे बघतेय.

भूलथापा

खोडू नको. सरासरीने दिलेले आकडे परत वाच: ३०९ हातपाय आणि ४२८ टूर्निके. एका टूर्निकेने रक्त थांबलं नाही की त्याच्या शेजारीच दुसरं बांधतात. मी असे कितीतरी पाय पाहिलेत. तुझ्या यंत्राला ती चूक वाटेल आणि ते एक पुसून टाकेल, मग मी एक सोडून दुसरं कपड्याखाली विसरेन.

दोन्ही वेळा मला दाखव. चादर उचलून मी मोजीन.

आणि पट्ट्यांच्या पाकिटात एक मार्कर घाल, टोपण दोरीने बांधलेला. टोपण नेहमी अंधारातच हरवतं.